असोदा नीट येते, नशिराबाद का मोडते?

प्रश्न : मी असोद्याचा. जळगावच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये सहा वर्षांपासून ड्रॉइंगचे काम करतो. ठिबकचे जोड आणि चटईच्या मशीनचे सुटे भाग यांचे साचे आमच्याकडे होतात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, गावच्या कार्यक्रमासाठी पत्र्यात लेझरने कापायची पाटी मी कॅडवर काढली. ‘असोदा’ झकास उमटले, पण ‘बहिणाबाई’मधली वेलांटी ण वर जाऊन बसली. पुढे ‘नशिराबादकडे’ असा बाण काढायचा होता, ते तर वाचताच येईना. असे का होते? दुसरी, भुसावळला रेल्वेच्या भरतीत डोळे तपासले तेव्हा कळले की मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ड्रॉइंगमध्ये सगळा कारभार रंगांचाच. माझ्यासारख्याने काय करावे? आणि तिसरी, ही सॉफ्टवेअर बनवणारी माणसे आमच्यासारख्यांचे ऐकतात तरी का?
— एक वाचक, असोदा (ता. जि. जळगाव)

उत्तर : आधी पाटी. ज्या गावात बहिणाबाई जन्मल्या त्या गावच्या पाटीवर त्यांचेच नाव मोडावे, हे काही बरे नव्हे.

‘बहिणाबाई’ टाइप करताना तुम्ही कळा कोणत्या क्रमाने दाबल्या ते आठवा. ब, मग ह, मग वेलांटी, मग ण. आपण बोलतो त्या क्रमाने. संगणकही ते त्याच क्रमाने साठवतो, युनिकोडचा नियमच तसा आहे. कागदावर मात्र पहिली वेलांटी ह च्या आधी काढायची असते. म्हणजे साठवण्याचा क्रम एक आणि काढण्याचा क्रम दुसरा. मधली ही अदलाबदल करण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. अक्षरे जुळवणारा खिळेजुळाऱ्यासारखा एक अदृश्य माणूस आत बसलेला असतो म्हणा. वर्डमध्ये, ब्राउझरमध्ये, मोबाइलवर तो असतोच, म्हणून तिथे तुम्हाला कधी काही जाणवले नाही. कॅडचे बरेच प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. इंग्रजीत अक्षर एकामागून एक ठेवले की काम संपते. तिथे या जुळाऱ्याची गरज कुणाला भासलीच नाही. मग प्रोग्रॅम ह ठेवतो, त्याच्यापुढे वेलांटी ठेवतो, आणि वेलांटीची कमान उजवीकडे झुकलेली असल्याने ती आपसूक ण च्या डोक्यावर जाते.

आता मजा बघा. ‘असोदा’मध्ये काना-मात्रा आहेत त्या सगळ्या अक्षराच्या नंतरच येतात. स नंतर ओकार, द नंतर काना. साठवण्याचा आणि काढण्याचा क्रम एकच, म्हणून जुळारी नसला तरी चालते. जळगाव चालते. यावल, रावेर, भुसावळ चालतात. भादली चालते, कारण ली ची वेलांटी दुसरी, ती उजवीकडेच असते. पण नशिराबाद मोडते, शिरसोली मोडते, विदगाव मोडते. मुक्ताईनगरात वेलांटी नाही, पण तिथे जोडाक्षर आहे. क चा पाय मोडलेला दिसतो आणि त सुटा उभा राहतो. म्हणजे जळगावहून भुसावळकडे निघालेल्या माणसाने वाटेतल्या सोप्या नावांवर प्रोग्रॅम तपासला तर तो बिनधास्त सांगेल की मराठी व्यवस्थित चालते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसत असतील तर आजार वेगळा. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या एसएचएक्स जातीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसतातच. ते फॉन्ट पेन-प्लॉटरच्या जमान्यातले, एका रेघेत अक्षर काढणारे. तिथे विंडोजमधला देवनागरी युनिकोड फॉन्ट लावला की चौकोन जातात. वेलांटी मात्र त्याने सुधारेलच असे नाही.

आपल्याकडचे पाट्यावाले अजूनही जुने बिगर-युनिकोड फॉन्ट का वापरतात, तेही यावरून कळावे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी कळांच्या मागे मराठी अक्षरांचे तुकडे लपवलेले असतात. वेलांटी आधी दाबायची, मग ह. दिसते तसे टाइप करायचे, म्हणून कुठल्याही कॅडमध्ये ते बरोबर उमटते. फक्त ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की बहिणाबाईंच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

तुमचा तोडगा असा. पाटीचा मजकूर कॅडमध्ये टाइपच करू नका. इंकस्केप नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात तो जुळारी आहे. तिथे मजकूर टाइप करून त्याचे पाथमध्ये रूपांतर करा, मग डीएक्सएफ करून कॅडमध्ये आणा. मुंबईच्या एकटाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात. बलू जाड आहे, पत्र्याला बरा. पण एक काम विसरू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि शेजारच्या तुकड्यावर थोडे चढते. डोळ्यांना एक सलग रेघ दिसते, लेझरला दिसतात एकमेकांवर चढलेल्या आठ वेगवेगळ्या आकृत्या. तो बिचारा प्रत्येक आकृतीची कड इमानदारीने कापतो आणि शब्द तुकड्यातुकड्याने खाली पडतो. म्हणून पाथ केल्यावर सगळी अक्षरे निवडून त्यांचे युनियन करा. मग शिरोरेषा खरोखर एक होते आणि अख्खा शब्द एकाच तुकड्यात हातात येतो. इंग्रजीवाल्यांना हे सुख नाही, त्यांना अक्षर अक्षर वेगळे चिकटवावे लागते. अनुस्वार मात्र सुटा पडतो, तेव्हा ‘चिंचोली’ कापणार असाल तर टिंबाला खालून बारीक पूल द्या.

ओपनस्कॅड नावाचा आणखी एक मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात चित्र काढायचे नसते, लिहायचे असते. वीस लांब, दहा रुंद, पाच उंच असा ठोकळा घे, त्यातून एवढ्या व्यासाचे भोक वजा कर, अशा ओळी लिहिल्या की आकृती तयार होते. त्याच्या मजकुराच्या कमांडमध्ये भाषा आणि लिपी सांगायची सोय मुळातच आहे, आणि अक्षरे जुळवायला तो हार्फबझ हे तेच साधन वापरतो जे फायरफॉक्स आणि क्रोम वापरतात. नशिराबाद तिथे शाबूत येते. या प्रोग्रॅमचा आणखी एक गुण पुढे सांगतो.

आता रंग. लाल म्हणजे अमुक आणि हिरवा म्हणजे तमुक हे ठरवले कुणी? कुणी बसून ठरवले नाही. सुरुवातीच्या काळात ड्रॉइंग छापायचे ते पेन-प्लॉटरवर. त्यात खरे पेन लावलेले असत, पातळ, मध्यम, जाड. पडद्यावरचा रंग क्रमांक एक म्हणजे पेन क्रमांक एक. रंग ही रेघेची जाडी सांगण्याची खूण होती. पेन गेले, खूण राहिली. १९९९ साली आलेल्या ऑटोकॅड २००० मध्ये रेघेला स्वतःची जाडी देता येऊ लागली, रंगाऐवजी नावावरून छपाई ठरवणाऱ्या शैलीही आल्या. तरी आपल्या कारखान्यांत आजही साहेब सांगतात, ‘लाल पातळ, हिरवी जाड.’ लाकडी बोर्डावर टी-स्क्वेअर सरकवत ज्यांनी हे काम शिकले त्या माझ्यासारख्यांना तर याची गंमतच वाटते, कारण आमच्याकडे सगळ्या रेघा काळ्याच होत्या. कोणती रेघ काय सांगते ते तिच्या जाडीवरून आणि तुटकपणावरून कळे. मधली रेषा लांब-आखूड-लांब, झाकलेली कड बारीक तुटक. रंग न दिसणारा माणूस त्या काळात अडला नसता.

म्हणून तुम्ही मालकाकडे पहिली मागणी ही करा : टेम्प्लेटमध्ये प्रत्येक लेअरला रंगाबरोबर रेघेचा प्रकार आणि धड नाव असू द्या. ‘लेअर ३’ नको, ‘भोके’ किंवा ‘मध्यरेषा’ हवे. दुसरे, ऑटोकॅडमध्ये रोलओव्हरटिप्स चालू ठेवा. रेघेवर कर्सर क्षणभर थांबला की रंग, लेअर आणि रेघेचा प्रकार शब्दांत लिहून येतो. तिसरे, रंग बदलायचेच असतील तर लाल-हिरव्याच्या जागी ३० क्रमांकाचा नारिंगी आणि १५० क्रमांकाचा उजळ निळा घेऊन बघा. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या बहुतेकांना नारिंगी आणि निळा सहज वेगळे दिसतात. पाच क्रमांकाचा गडद निळा काळ्या पडद्यावर चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही, तो कुणी ठेवला देव जाणे. मात्र तुमच्याकडे छपाई रंगावरून होत असेल तर नव्या क्रमांकांना जुन्या जाड्या नेमून द्या, नाहीतर साच्याच्या ड्रॉइंगवर सगळ्या रेघा एकसारख्या छापून येतील आणि बोलणी तुम्ही खाल. विंडोज दहा आणि अकरामध्ये रंगगाळणीही आहे. सेटिंग्जमध्ये, दहात ईज ऑफ ॲक्सेसखाली आणि अकरात ॲक्सेसिबिलिटीत ती सापडते.

नोकरीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. रेल्वेचा ड्रायव्हर होण्यासाठी रंग ओळखावे लागतात, त्यात वाद नाही. पण रंगांधळा म्हणजे सगळीकडूनच बाद, ही समजूत आता न्यायालयातही टिकत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने एका रंगांधळ्या उमेदवाराला संकलनाच्या अभ्यासक्रमातून बाद केले होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला सगळे अभ्यासक्रम अशा उमेदवारांना खुले करायला सांगितले. पुढच्याच वर्षी तामिळनाडूच्या वीज कंपनीने नाकारलेल्या एका रंगांधळ्या अभियंत्याला नेमण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही, तरीही. ड्रॉइंग ऑफिसात तर रेघ ओळखायचे दहा मार्ग आहेत.

इथे ओपनस्कॅडची राहिलेली गोष्ट. ज्याला अजिबात दिसत नाही तो कॅड करू शकेल का, असे विचारले तर बहुतेक जण हसतील. पण आकृती शब्दांत लिहायची असेल तर ती वाचून दाखवताही येते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ओळ न् ओळ बोलतो, अंध माणूस आकडे बदलतो, आणि त्रिमितीय प्रिंटरवर छापलेली वस्तू हाताने चाचपून बघतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली वरखाली होणाऱ्या खुंट्यांचा एक पट याला जोडला, म्हणजे छापायच्या आधीच आकार बोटांना कळावा. कमांड लिहिण्याची ही रीत काही अंधांसाठी काढलेली नव्हती. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले तेव्हाही कमांड लिहूनच द्यावी लागे, कारण तेव्हा फारशा संगणकांना माउसच नसे. आज हात थरथरणाऱ्याला, एकाच हाताने काम करणाऱ्याला, किंवा माझ्यासारख्या चष्म्याचा नंबर दरसाल वाढवणाऱ्याला तीच जुनी रीत उपयोगी पडते. एल दाबले की रेघ. बारीक चित्रांवर नेम धरत बसायला नको. कर्सरही लहान वाटत असेल तर कर्सरसाइझ १०० करा, उभी-आडवी रेघ पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. शेतात हरवलेला बैल शोधावा तसा कर्सर शोधायची वेळ येत नाही.

आता तिसरा प्रश्न. ऐकतात का? ऐकतात, पण उशिरा, आणि कुणाचे ऐकायचे ते ठरवून.

ऑटोकॅडच्या वापरकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वर्षानुवर्षे सभासदांकडून मागण्या गोळा केल्या, मतदान घेतले आणि वरच्या दहा कंपनीपुढे ठेवल्या. त्यांतल्या कितीतरी पुढच्या आवृत्त्यांत आल्या. उलट २००९ च्या आवृत्तीत जुने मेनू बाजूला सारून चित्रांची रिबन आली, जुन्या लोकांनी केवढा आरडाओरडा केला, तरी रिबन काही गेली नाही. मेन्यूबार १ असे लिहिले की जुने मेनू परत येतात, एवढी खिडकी मात्र उघडी ठेवली. २०२० मध्ये झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारख्या मोठमोठ्या वास्तुशास्त्रीय कार्यालयांनी मिळून ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीला जाहीर पत्र लिहिले की तिच्या रेव्हिट या इमारतींच्या प्रोग्रॅमचा खर्च वाढतोय आणि सुधारणा मात्र होत नाहीत. त्याची बातमी जगभर झाली. तुम्ही-आम्ही असे पत्र लिहिले तर ते टपालातच राहील, हे खरे आहे.

पण फ्रीकॅडकडे बघा. हा मोफत, खुला प्रोग्रॅम २००२ पासून आहे. त्यात एक खोड होती. प्रोग्रॅम ठोकळ्याच्या प्रत्येक पृष्ठाला नंबर द्यायचा. सहाव्या पृष्ठावर तुम्ही भोक पाडले, नंतर मागे जाऊन ठोकळ्याची एक कड गोल केली, की नंबर बदलायचे आणि भोक भलत्याच बाजूला जाऊन बसायचे. लोकांनी वर्षानुवर्षे तक्रार केली. नुसती तक्रार नाही, बिघडलेल्या फाइली जोडल्या. शेवटी एका स्वयंसेवकाने वेगळी आवृत्ती काढून तोड दाखवली, आणि ती मूळ प्रोग्रॅममध्ये येऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड १.० आला. बावीस वर्षे! साच्याचे ड्रॉइंग शनिवारपर्यंत मागणाऱ्या मालकाला हे सांगू नका.

आमच्याकडून तक्रार का जात नाही, हे मात्र मला पक्के माहीत आहे. मी काही वर्षे एका क्लासात कॅड शिकवायचो. तिथल्या सगळ्या संगणकांवर फोडलेली प्रत होती. मुलांना मराठी मजकुराची अडचण आली तर ती मला सांगत, मी क्लासवाल्याला सांगायचो, तो म्हणायचा, ‘सर, कंपनीला कळवलं तर आधी आपल्यालाच पकडतील.’ बिनपावतीचे बियाणे घेणारा शेतकरी उगवले नाही म्हणून कुणाकडे जाणार? जळगाव, धुळे, मालेगाव, कुठेही जा, मराठीत ड्रॉइंग करणारी माणसे भरपूर, पण कंपनीच्या नोंदीत ती नाहीतच. मग कंपनीने समजायचे कसे की वेलांटी कुणाला हवी आहे? सरकारने २०२१-२२ मध्ये माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे म्हणून आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत काढले. खरेदी करणारी सरकारी कार्यालये त्याचा आग्रह धरतील तेव्हा त्याचा उपयोग. तुमच्या टूलरूममध्ये ते कागद यायला वेळ आहे.

खुल्या प्रोग्रॅममध्ये ही अडचण नाही. तिथे पावती लागत नाही. फ्रीकॅड, लिब्रेकॅड, ओपनस्कॅड या सगळ्यांच्या तक्रारवह्या उघड्या आहेत, कुणीही लिहू शकतो. आधी तीच तक्रार कुणी केलीय का ते शोधा. असली तर नवी लिहू नका, तिच्याखाली आपले उदाहरण जोडा. इंग्रजी तोडकेमोडके चालते, पण माहिती तोडकीमोडकी चालत नाही. प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती, संगणक कोणता, फॉन्ट कोणता, काय टाइप केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले. दोन चित्रे शेजारी लावा, बरोबर आणि चूक. फाइल लहान ठेवा, साच्याचे अख्खे ड्रॉइंग पाठवू नका, मालक रागावेल आणि तिकडचा माणूस उघडणारही नाही. ‘मराठी चालत नाही, लवकर करा’ असे लिहिणाऱ्यांची गत काय होते ते मी पाहिले आहे. कुणीतरी नम्रपणे विचारतो, ‘नेमके काय चालत नाही?’ आणि आपला माणूस परत तिकडे फिरकतच नाही.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्या म्हणत गेल्या आणि ऐकून उतरवून घेणारा मुलगा, सोपानदेव, घरात होता, म्हणून १९५२ साली त्यांची गाणी छापली गेली. तुमच्या खोलीत तुमच्याशेजारी बसणाऱ्या पोराचे इंग्रजी तुमच्यापेक्षा बरे असेल तर त्याला सांगा, तू उतरवून घे, मी सांगतो. रंगांचेही त्याच पत्रात लिहू नका, ती वेगळी तक्रार, वेगळी नोंद.

आणि उदाहरण म्हणून असोदा पाठवू नका. ते तिकडच्या माणसाच्या पडद्यावर सरळ उमटेल, तो म्हणेल आमच्याकडे तर बरोबर दिसते, आणि नोंद बंद करून टाकेल. नशिराबाद पाठवा. सोबत मुक्ताईनगर.